पाइपाचं सोवळं

दिनकररावाचा टीव्ही चुडाव्याच्या स्टेशनावर उतरला आन् तिथून आमच्या गावापस्तोर लिंबाजीच्या डोक्यावर आला. बैलगाडी न्हेली होती. पण गाडीत दणके बसतेत, आतली काच फुटंल, म्हणून दिनकरराव म्हणले, "लिंब्या, तूच घे. तुहं डोस्कं काई फुटत न्हाई." आमी समदे हासलो. लिंबाजी बी हासला आन् चुंबळ डोक्यावर ठेवून खाली बसला. रिकामी गाडी म्होरं, टीव्हीवाला लिंबाजी मागं, आन् त्याच्या मागं आमी. वरात निघाल्यावाणी दिसायलं होतं, फकस्त नवरदेव खोक्यात.

लिंबाजी मांगवाड्यातला, दिनकररावाचा सालगडी. ताडमाड उंच आन् काटकुळा. त्याला रानात उभं केलं तर बुजगावणं करायची गरज न्हाई, आसं आमच्यातला दत्तराव म्हणायचा. दत्तराव म्हणजे नुसता खोड्यांचा माणूस. कामधंदा न्हाई, दिनकररावाच्या ओसरीवर बसायचं आन् दुसऱ्याची मजा बघायची. आमी बी तिथंच बसायचो, मजा सोडावी कामून.

बोअरचा जुना पाइप माळवदावर उभा केला, त्याच्या शेंड्याला अँटिना बांधला. रविवारी सकाळी देवाचं लागायचं. अख्खं गाव अंगणात. चपला बाहेर काढलेल्या, बायांच्या डोक्यावर पदर. दिनकररावाची बायको नर्मदाबाई आरतीचं ताट घेऊन टीव्हीपुढं उभी. बटण दाबलं तर मुंग्या. नुसत्या मुंग्या. देवाचा आवाज यायला, देव यायना.

दत्तराव वर चढला, पाइप फिरवला. मुंग्या. मारुतीचा गुरव चढला. मुंग्या. वारं सुटलं होतं, पाइप डुलायला लागला, म्हणून दिनकररावानं लिंबाजीला मागच्या शिडीनं वर धाडलं. "नुसता दाबून धर."

लिंबाजीनं धरला, आन् काच साफ झाली. मुकुट दिसला, धनुष्य दिसलं, देवाच्या गालावरची पावडर सुद्धा दिसली. अंगणातली माणसं जाग्यावर आडवी झाली.

"सोड रे," दिनकरराव म्हणले. मुंग्या.

"धर." देव.

पुन्ना दत्तरावानं धरून बघितला, गुरवानं धरला, दिनकररावाच्या पोरानं धरला. मुंग्या. लिंबाजीनं धरला की देव. आता आली का पंचाईत. ज्या माणसाला मारुतीच्या वट्ट्याच्या खालून पाया पडायला लागतं, त्याच्या मुठीतून देव यायला. कुणी कुणाकडं बघंना. किराणा दुकानवाला शिवरुद्र गळ्यातल्या लिंगाला हात लावून म्हणला, "शिव शिव, आता ह्याला काय म्हणावं?"

नर्मदाबाईनं निकाल लावला. "हात त्याचा आसंल. देव पाइपातून येतो."

झालं. समद्यांना सुटल्यावाणी वाटलं. त्या रविवारपासून पाइपाच्या बुडाला हळदीकुंकू लागायला लागलं. लिंबाजी खाली उतरला की गुरव वर जायचा, त्यानं धरलेली जागा गोमूत्रानं धुवायचा, मग बाया चढून पाइपाच्या पाया पडायच्या. लिंबाजी तवर मागच्या गल्लीत आपल्या हाताला फुंकर मारत उभा. थंडीत लोखंड आसं चिकटायचं की तळहाताची साल निघायची.

रविवारी त्याला आमी लिंबाजीबुवा म्हणायचो. सोमवारी लिंब्या.

एका रविवारी दत्तरावाला खोडी सुचली. चित्र चांगलं चालू होतं. ह्यानं अंगणातून आवाज दिला, "लिंबाजीबुवा, जरा मुंग्या यायल्यात. एक पाय उचला बरं." लिंबाजीनं उचलला. पोट धरून हासायला लागलो आमी. दत्तराव म्हणला, "हां, आता बेस दिसायलं. ऱ्हाऊ द्या तसंच."

ते नर्मदाबाईनं ऐकलं. दुसऱ्या रविवारी तिनं खालूनच सांगितलं, "लिंबाजी, पाय." तिसऱ्या रविवारी त्यानं पाय टेकला तर बाया कावल्या. दत्तराव खरं सांगायला गेला, "काकू, मी मजाक केलती," तर नर्मदाबाईनं त्यालाच झापलं, "देवानंच तुह्या तोंडातून वदवलं, मेल्या."

आन् गोष्ट काई गावात ऱ्हाते का? सोयऱ्याधायऱ्यात गेली, बाजारात गेली, रेल्वेत बसली. येलदरीकडच्या एका गावात म्हणं सरपंचानं आपला गडी एका पायावर उभा केला. राणीसावरगावकडच्या एका पाव्हण्यानं सांगितलं, त्यांच्या तिकडं खांब धरणारा शनिवारी मीठ खात न्हाई. मीठ आमी काढलंच नव्हतं. पण मग आपण मागं कामून ऱ्हायाचं? लिंबाजीचं मीठ बंद झालं. मग पूर्णेकडून बातमी आली, तिथल्या खांबवाल्यानं कातड्याला हात लावला तर टीव्हीची काच उभी तडकली. कुणी बघितली? कुणीच न्हाई. पण सांगणारे इतके झाले, की बघायची गरजच ऱ्हायली न्हाई.

लिंबाजीची चप्पल गेली. ज्वारी काढून झालेली, रानात धसकटं भाल्यावाणी उभी, आन् हा अनवाणी. संध्याकाळी बायको सरजाबाई त्याचे पाय मांडीवर घेऊन सुईनं काटे काढत बसायची.

चप्पल गेली ते गेलं. हलगी बी गेली.

हलगी म्हणजे त्या घराचं नाक. लिंबाजीचा बाप सूर्यभान, त्याच्यासारखा वाजवणारा दहा गावात नव्हता. लग्न आसो, जत्रा आसो, मयत आसो. म्हाताऱ्यानं विस्तवावर हलगी शेकली, अंगठ्यानं एकदा कातडं दाबून बघितलं आन् टिपरू मारलं, की घरात बसलेला माणूस उठून दारात यायचा. त्याचा हात लिंबाजीत उतरला होता. आता लगीनसराई आली, बोलावणी आली, आन् हलगी खुंटीला.

दिनकररावाच्याच आखाड्यावर, म्हणजे रानातल्या गोठ्यावर, चंद्रभान नावाचा दुसरा गडी होता, बौद्धवाड्यातला. विद्यापीठाच्या नावावरून तव्हा गावात आर्धे लोक आर्ध्यांशी बोलत नव्हते. चंद्रभानच्या वस्तीनं तर टीव्हीकडं फिरकायचं सोडलंच होतं. कडब्याच्या पेंढ्या बांधताना त्यो लिंबाजीला म्हणला, "एक रविवार आजारी पड की."

"मग?"

"मग काय व्हतंय ते बघू."

"तुमी देव सोडले, चंद्रभान. तुमाला बोलाय सोपं हाय," लिंबाजी म्हणला. "आमाला आजून त्याच वट्ट्याम्होरून पाण्याला जायचंय."

"खरं सांग. तुह्या हातात काई जाणवतं का वर?"

"गार लागतं. आन् उन्हाळ्यात पोळतं."

"सांगितलं का मालकाला?"

"सांगितलं. मालक म्हणले, देव आसाच गुपचूप येतो."

उन्हाळ्यात सूर्यभान आंथरुणाला खिळला. छातीत घरघर, बरगड्या मोजून घ्याव्या आशा. बोलायचं ते एकच बोलायचा. "लिंब्या, मला न्हेताना तूच वाजव. दुसऱ्या कुणाची हलगी मह्याम्होरं नको. ह्या गावातलं एक मयत मह्या हलगीबिगर गेलं न्हाई. दिनकररावाच्या बापाला मीच पोचवलं."

"वाजवीन," लिंबाजी म्हणायचा.

"हात लावू देतेत का तुला?"

"वाजवीन म्हणलं ना, आबा."

म्हाताऱ्याला मरायला बी वार सापडंना. शनिवारी सकाळी गेला. आन् रविवारी रावण मरणार होता.

लिंबाजी तसाच दिनकररावाच्या अंगणात येऊन उभा ऱ्हायला. आमी ओसरीवर होतो. दिनकरराव चहा पीत होते.

"मालक, आबा गेला."

"आरारा. कव्हा?"

"तांबडं फुटताना."

"चांगला माणूस व्हता. लाकडं लागली तर आखाड्यावरून न्हे."

"माती द्यायचीय, मालक. लाकडं नकोत." लिंबाजी खाली बघत होता. "हलगी वाजवायचीय. इचारायला आलतो."

दिनकररावानं कप खाली ठेवला. "उद्या काय हाय, मालूम हाय ना?"

"हाय."

"चार गावची माणसं यायलीत. उद्या रावण मरायचाय आन् तू आज कातडं बडवतो?"

"वाजवतो, नदीवर आंघोळ करतो, रातभर उपाशी ऱ्हातो."

"आंघोळीनं कातडं जातंय व्हय?" नर्मदाबाई आतून म्हणली. "एका म्हाताऱ्यापायी समद्या गावाचा देव घालवतो का?"

"आबाला शब्द दिलाय, बाईसायेब."

"दुसरा हलगीवाला बोलाव," दिनकरराव म्हणले.

"दुसऱ्याची नको म्हणला त्यो."

"मग बिगर हलगीचं न्हे. मेल्याल्या माणसाला काय ऐकू येतंय?" आन् मग आवाज बारीक करून, "लिंबाजी, तुहं घर मह्या गावठाणात हाय. सरजी मह्या रानात खुरपायला येती. जरा इचार करून काय ते कर. मी काई म्हणत न्हाई."

लिंबाजी मागं फिरला.

दुपारी आमी समदे मांगवाड्याच्या तोंडाशी जाऊन उभे ऱ्हायलो. दुःख म्हणून न्हाई, वाजवतो का काय ते बघायला. दत्तरावानं तर मला इचारलं, "लावतो का पैज?" मी म्हणलं वाजवणार. तिरडी निघाली. लिंबाजीनं मडकं धरलेलं. त्याच्याम्होरं सरजाबाई चाललेली, खांद्याला हलगी आडकवून. आमच्यात बाया म्होरं चालत न्हाईत, पण तिला कुणी आडवलं न्हाई. टिपरू तिच्या हातात होतं, ते तिनं उचललं न्हाई. पायाखालचा फुफाटा तेवढा वाजत होता. सूर्यभान मांग आसा गेला, कुत्रं बी भुंकलं न्हाई.

मी पैज हारलो.

रविवारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बैलगाड्या करून लोक आलते, शिवरुद्र तेवढा माल आणायला चुडाव्याला गेलता. गुरवानं नारळ फोडला. लिंबाजी वर चढला, डोकं भादरलेलं, पोटात कालपासून काई न्हाई. पाइप धरला, एक पाय उचलला. चित्र आरशावाणी.

रावणाची दहा डोकी हासायलीत. देवानं बाण काढला, दोरी कानापस्तोर वढली. बाया रडायला लागल्या. आन् काच काळी झाली.

मुंग्या बी न्हाईत. काळी. ओसरीवरचा बल्ब जळायला होता, पंखा फिरायला होता.

वरून लिंबाजीनं इचारलं, "दिसायलंय का?"

त्यानं पाइप डावीकडं फिरवला, उजवीकडं फिरवला, पाय बदलला. पुन्ना इचारलं. मग शिडीवर पावलं वाजायला लागली. दत्तराव, गुरव, दिनकररावाचं पोरगं, परगावचे चार-दोन. आन् आमी.

"वाजवलीस तू," गुरव म्हणला.

"न्हाई. तुमी समदे व्हता की तिथं."

होतोच. आमी एकमेकाकडं बघितलं. दत्तरावाला लागलीच सुचलं, त्याला सुचायला वेळच लागत न्हाई. "हातानं न्हाई वाजवली. मनात वाजवली आसंल."

समदे लिंबाजीकडं बघायला लागले. त्यानं नुसतं न्हाई म्हणायचं होतं. यडं गप बसलं. वाजवलीच आसंल की. बाप तिरडीवर आसल्यावर कोण न्हाई वाजवणार?

"बघा," गुरव म्हणला, "तोंडातून शब्द न्हाई."

खालून दिनकरराव म्हणले, "जिवाला काई करू नका रे. हातापुरतं."

माळवदाची माती चोपायचा लाकडी ठोकळा तिथंच पडलेला. दोघांनी लिंबाजीचा हात कठड्यावर दाबला. उजवा. पहिला घाव बसला तव्हा त्यो वरडला, दुसऱ्याला वरडला न्हाई, नुसता खाली बसला. बोटं लगीच सुजली, भिजलेल्या शेंगांवाणी. आन् गंमत बघा, त्या झटापटीत कुणाचा तरी धक्का पाइपाला लागला, तर समदे दचकून आधी पाइपाच्या पाया पडले.

आमी खाली उतरलो तवर शिवरुद्र चुडाव्याहून आलता. सायकल भिताडाला लावत म्हणला, "तुमच्याकडं दिसलं का? स्टेशनातला टीव्ही मधीच काळा झाला. गाडीतली माणसं म्हणायलीत, पूर्णेला न्हाई, परभणीला न्हाई, कुठंच न्हाई. तिकडूनच बंद पडलं म्हणं."

कुणीतरी वर माळवदाकडं बघितलं. गुरवानं नखं कुरतडायला सुरुवात केली. दिनकरराव पान लावायला लागले, पण चुना काई डबीतून निघंना.

नर्मदाबाई ताट घेऊन उभीच होती. ती म्हणली, "बघा. एकट्यानं अख्ख्या जिल्ह्याचा देव बाटवला."

आन् समद्यांना पटलं. मला बी पटलं, खोटं कशाला बोलू. आठ दिवसात ती गोष्ट बाजारात गेली, आन् पुढच्या आठवड्यात वापस आमच्याकडं आली तव्हा लिंबाजीपायी जिल्हा सोडून पार हैदराबादपस्तोरचे टीव्ही बंद पडलते.

रावण मारायचा ऱ्हायला होताच. त्यो पुढच्या रविवारी मरणार आसं कळलं. शनिवारी गुरव आन् दत्तराव मांगवाड्यात गेले. लिंबाजीच्या हाताला हळद-चुन्याचा लेप, वर चिंध्या. सरजाबाई दारात आडवी उभी.

"हात बघितला का?" ती म्हणली. "पळी धरता येईना त्याला. त्याचा देव घाला तुमच्या..." आन् गप झाली, कारण मागं दिनकररावाचं पोरगं उभं होतं.

लिंबाजीला न्हेला. गोमूत्रानं घोळला, शेणाचा पट्टा वढला, पुन्ना भादरला. वर न्हेऊन उभा केला. बोटं मिटंनात. दत्तरावानं बैलाचा कासरा मागवला आन् त्याचा पंजा पाइपाला बांधला, चांगल्या तीन गाठी मारून. "दुखायलंय का, बुवा?" पाय लिंबाजीनं आपला आपणच उचलला.

चित्र आसं आलं, आसं आलं, की तसं आधी कव्हाच आलं नव्हतं. बाण सुटला. रावण पडला. अंगणात फुलं, गुलाल, टाळ्या. नर्मदाबाईला तर भोवळच आली, भक्तीनं. ह्या गडबडीत लिंबाजीला सोडायचं ऱ्हाऊन गेलं. जेवणं झाल्यावर चंद्रभान गुपचूप मागच्या शिडीनं चढला आन् त्यानं इळ्यानं कासरा कापला. कासरा कुणी कापला म्हणून दिनकररावानं दोन दिवस चौकशी केली. नवा कासरा होता.

पुढं मिरगाच्या आधी नांदेडहून नवा अँटिना आला, बूस्टरवाला. दिनकररावाच्या पाव्हण्यांनी आणून बसवला. आता कुणी धरायची गरज न्हाई, कुणी एका पायावर ऱ्हायाची गरज न्हाई. बटण दाबलं की देव. पण जुन्या पाइपाचं काय करावं? कुंकवाचा थर बसलेला, भंगारात घालता येईना. नर्मदाबाई म्हणली, मारुतीच्या शेजारी रोवा. दिनकररावानं मिरवणूक ठरवली. पाइप धुतला, गोंड्याच्या माळा गुंडाळल्या, लाल फडकं बांधलं. चौघांनी खांद्यावर घेतला, दोघं म्होरं, दोघं मागं. म्होरच्या खांद्यात मी होतो.

"हलगी?" गुरव म्हणला.

लिंबाजी गल्लीच्या कोपऱ्यात, जरा लांब उभा होता. त्याच्याकडं निरोप गेला. त्यो आला, पण वट्ट्याइतकं अंतर ठेवून. "मालक, कातड्याला हात लावू नको म्हणलं व्हतं."

"आता तुला काय धरायचंय?" दिनकरराव हासत म्हणले. "देवापुढं हलगी लागतीच. आण."

"बोटं वळंनात."

"वाजव जमंल तशी. तूच वाजवावी आसं गावाचं म्हणणं हाय."

सरजाबाईनं घरून हलगी आणली. रस्त्याच्या कडंला काटक्या पेटवून शेकली. टिपरू त्याच्या उजव्या तळव्यावर ठेवलं, बोटं एकेक करून त्याच्यावर दाबली आन् लुगड्याची चिंधी फाडून बांधलं. पोरं हासायली. दत्तराव म्हणला, "बुवा, नांगराला जुपल्यावाणी दिसायलंय." लिंबाजीनं एकदा मारून बघितलं. तोंड वाकडं झालं. पुन्ना मारलं.

मिरवणूक निघाली. पहिल्यांदा नुसतंच धब्-धब्, काई कळंना. मग हात सुटायला लागला. आमी गुलाल उधळायलो, बाया ववाळायल्यात. चार घरं गेल्यावर माझ्या शेजारच्या खांद्याचा पाय आन् माझा पाय एका मापात पडायला लागला. सावकाश. एक, मग थांबून एक. मागच्या दोघांचा बी. नर्मदाबाईचं ववाळणं थांबलं. तिनं सासऱ्याला न्हेताना ही हलगी आपल्या दारातून ऐकली होती. ती दिनकररावाकडं बघायला लागली.

दिनकररावाला बी कळलं होतं. त्याह्यचं तोंड उघडलं, पण खांद्यावर देव आसल्यावर मधीच थांबवायची गावात रीत न्हाई. लिंबाजी मान खाली घालून म्होरं चालला होता. चिंधी लाल झाली होती, गुलाल का रगत ते कळंना.

वढ्याच्या आलीकडं लिंबाचं झाड हाय. आमच्या गावची समदी मयतं तिथं एकदा खाली टेकवतेत, खांदे बदलतेत, मग म्होरं जातेत. मारुतीकडं जायची वाट बी तीच. झाडाखाली आलो आन् हलगीचा ठेका फिरला. आमी चौघं वाकलो, पाइप भुईला टेकवला. म्होरचे मागं गेलो, मागचे म्होरं आले. शिवरुद्राच्या हातात मुरमुरे होते, प्रसादाचे. ते त्यानं मूठभर घेतले आन् पाइपावरून उधळले. मग स्वतःच्याच हाताकडं बघत ऱ्हायला.

लिंबाजी टिपरू उचलून थांबला होता. आमी उचलायची वाट बघत.

आमी उचललं.